खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयातील शैवालभक्षक माशांचा आहार

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरी बाळगणाऱ्याच्या दृष्टीने शैवालभक्षक मासा हा एक प्रकारचा सफाईकामगार असतो. टाकीच्या काचांवर हिरवा थर चढू लागला, दगडांवर शैवालाचे केस लोंबू लागले, की असा एखादा मासा आणून सोडावा, म्हणजे तो शैवाल खाऊन टाकील व टाकी पुन्हा स्वच्छ दिसू लागेल, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज सर्वस्वी निराधार नाही; परंतु तो अपुरा आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत बहुधा माशाला मोजावी लागते. मासा दिवसभर दगडांवर तोंड मारताना दिसतो, म्हणून त्याचे पोट भरत असावे असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात त्याचे पोट हळूहळू खपाटीला जाते, पाठीवरील मांस झडते, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तो मरतो. मृत्यूचे कारण म्हणून एखाद्या अज्ञात रोगाकडे बोट दाखविले जाते. उपासमारीची शंकाही येत नाही. हवाई बेटांच्या आसपास आढळणारा पिवळा सर्जन मासा, म्हणजे झेब्रासोमा फ्लॅव्हेसेन्स, नैसर्गिक स्थितीत तीस वर्षांहूनही अधिक काळ जगू शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे या चुकीचे गांभीर्य ध्यानात येते.

या चुकीचे मूळ तीन भिन्न प्रश्नांची गल्लत करण्यात आहे. मासा कोठे तोंड मारतो, तो काय गिळतो आणि गिळलेल्यांपैकी काय पचवितो, हे ते तीन प्रश्न होत. पहिल्याचे उत्तर टाकीसमोर बसून मिळते. दुसऱ्यासाठी पोटातील द्रव्य तपासावे लागते. तिसऱ्यासाठी पचनक्रियेचा अभ्यास आवश्यक असतो. ‘शैवालभक्षक’ हे विशेषण बहुधा पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून दिले जाते आणि त्याचा उपयोग मात्र तिन्ही प्रश्न सुटल्यासारखा केला जातो.

खडकावरील थराचे स्वरूप

प्रवाळभित्तीवरील खडकावर किंवा टाकीतील दगडावर जो हिरवा-तपकिरी थर दिसतो, तो म्हणजे केवळ शैवाल नव्हे. त्यात पॉलिसायफोनिआ किंवा डर्बेसिआ यांसारख्या तंतुमय शैवालांची आखूड लव असते. डायाटमांचा पातळ लेप असतो. आणि या तंतूंच्या मधल्या जागेत मृत पेशी, विष्ठेचे कण, श्लेष्मा, जिवाणू व सूक्ष्म प्राणी यांचा एक मऊ साका साचलेला असतो. या साक्याला प्रस्तुत लेखात ‘सेंद्रिय गाळ’ असे म्हटले आहे. विल्सन, बेलवुड, चोट आणि फर्नास यांनी २००३ साली या विषयावरील संशोधनाचा जो विस्तृत आढावा घेतला, त्यावरून या थरातील सेंद्रिय द्रव्यात गाळाचा वाटा मोठा असू शकतो व अनेक मासे त्याचाच आहार म्हणून उपयोग करतात, असे दिसून येते. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. शैवालाच्या पेशीभोवती चिवट भित्ती असते. ती फोडल्याखेरीज आतील अन्न हाती लागत नाही. गाळातील जिवाणू व मृत द्रव्य यांच्या बाबतीत हा अडथळा पुष्कळ कमी असतो.

शैवालांतही परस्परांत मोठा भेद आहे. हिरव्या शैवालात स्टार्च साठविला जातो; तांबड्या शैवालात एक वेगळ्या जातीचा स्टार्च व फ्लोरिडोसाइड हे लहान रेणूचे कर्बोदक असते; सारगॅससमसारख्या तपकिरी शैवालात लॅमिनारिन व मॅनिटॉल असून त्याच्या भित्तीत अल्जिनेट असते. काही शैवाले आपल्या शरीरात चुना साठवून कठीण होतात, तर काही उग्र रासायनिक द्रव्ये निर्माण करून भक्षकास परावृत्त करतात. टाकीत पुष्कळदा दिसणारा तांबूस, बुळबुळीत पापुद्रा तर काटेकोर अर्थाने शैवालच नव्हे. तो नीलहरित जिवाणूंचा असतो आणि बहुतेक शैवालभक्षक मासे त्याला तोंड लावीत नाहीत. तेव्हा ‘हा मासा शैवाल खातो’ हे विधान ‘हे जनावर पाला खाते’ या विधानाइतकेच मोघम आहे. कोणता पाला, कोवळा की जून, आणि तो त्याच्या अंगी लागतो काय, हे त्यावरून कळत नाही.

तोंडाची रचना आणि घास घेण्याची रीत

घरगुती मत्स्यालयात प्रामुख्याने तीन गटांतील मासे शैवालासाठी ठेवले जातात : सर्जन मासे, सिगॅनस प्रजातीतील मासे आणि ब्लेनी. सर्जन माशांना हे नाव त्यांच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंस असलेल्या, नस्तरासारख्या धारदार काट्यामुळे मिळाले आहे.

झेब्रासोमा प्रजातीतील माशांचे मुस्कट पुढे निघालेले व निमुळते असते. त्यामुळे दगडांच्या खाचांत तोंड घालून तेथील शैवाल खुडणे त्यांस सोपे जाते. त्यांचे दात चपटे, कडेला दातेरी असून कात्रीप्रमाणे तंतू कापतात. याउलट टेनोकीटस या प्रजातीत दात बारीक, लांब, असंख्य व लवचिक असून त्यांची रचना कुंच्याच्या केसांसारखी असते. हा मासा तोंड विस्फारून दगडाच्या पृष्ठावर टेकवितो आणि झाडल्यासारखा वरचा गाळ गोळा करतो. पर्सेल आणि बेलवुड यांनी १९९३ साली अॅकँथुरस नायग्रोफस्कस व टेनोकीटस स्ट्रायेटस या दोन सर्जन माशांच्या घास घेण्याच्या क्रियेची तुलना केली. पहिला मासा शैवालाचे तंतू पकडून तोडतो. दुसरा त्या तंतूंना फारसा धक्का न लावता त्यांच्यामधील गाळ झाडून घेतो, असे त्यांना आढळले. दुरून पाहणाऱ्यास हे दोन्ही मासे एकाच खडकावर एकच काम करीत आहेत असे वाटते. प्रत्यक्षात एक गवत कापणारा आहे, तर दुसरा अंगण झाडणारा आहे. म्हणून टेनोकीटस टाकीत आणून केसाळ शैवाल नाहीसे होण्याची वाट पाहणे व्यर्थ ठरते; काचेवरील डायाटमांचा लेप मात्र तो सहज काढतो.

सॅलॅरिआस फॅसिएटस या ब्लेनीची कथाही अशीच आहे. तिच्या अहर्निश चालणाऱ्या तोंडामुळे तिला गवत कापणाऱ्या यंत्राची उपमा देण्यात आली व त्याच नावाने ती बाजारात विकली जाते. परंतु तिच्याच प्रजातीतील व निकटच्या इतर ब्लेनींच्या आहाराचा विल्सन यांनी ग्रेट बॅरिअर रीफवर केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात या माशांच्या पोटात शैवालापेक्षा सेंद्रिय गाळाचेच प्रमाण पुष्कळ अधिक असल्याचे दिसून आले. अतिशय स्वच्छ, घासूनपुसून ठेवलेल्या टाकीत ही ब्लेनी कृश होत जाते, हा मत्स्यालय बाळगणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव यावरून उलगडतो.

सिगॅनस प्रजातीतील माशांचे तोंड लहान, ओठ मांसल व दात बारीक असतात. ते मऊ, मांसल शैवालाची पाने खुडतात. त्यांच्या परांचे काटे विषारी असल्यामुळे त्यांना हाताळताना सावधगिरी बाळगावी लागते. यांतील अनेक जाती जोडीने हिंडतात. एक मासा खडकाच्या खाचेत डोके खुपसून खात असता दुसरा पाण्यात वर राहून पहारा करतो व नंतर ते आपापली कामे बदलतात, असे ब्रँडल आणि बेलवुड यांनी २०१५ साली दाखवून दिले. टाकीत एकट्याच ठेवलेल्या सिगॅनसच्या बुजरेपणाचा विचार करताना ही गोष्ट विसरता कामा नये.

पोटातील व्यवस्था

गिळलेले शैवाल फोडण्याचे मार्ग माशांमध्ये प्रामुख्याने चार प्रकारचे आहेत. त्यांचा व्यवस्थित परामर्श हॉर्न यांनी १९८९ साली आपल्या आढाव्यात घेतला होता. पहिल्या प्रकारात जठराची भित्ती पातळ असते व त्यातील तीव्र आम्लाने पेशीभित्ती कमकुवत केली जाते. झेब्रासोमा व सिगॅनस यांची गणना या प्रकारात करता येते. दुसऱ्यात जठर जाड व स्नायुमय, पक्ष्यांच्या पेषणीसारखे असून, गिळलेल्या रेतीच्या साहाय्याने अन्न भरडले जाते. टेनोकीटस व अॅकँथुरस प्रजातीतील काही जाती या वर्गात येतात. तिसऱ्या प्रकारात घशातील दातांचे जणू जातेच बनलेले असते. पोपटमासे हे त्याचे उदाहरण. चौथ्या प्रकारात आतड्याच्या अखेरच्या भागात सूक्ष्मजीवांकरवी किण्वन होते व त्यातून निर्माण होणारी लघुशृंखल मेदाम्ले माशाला ऊर्जा पुरवितात. तपकिरी शैवाल खाणाऱ्या नासो प्रजातीतील सर्जन माशांत ही व्यवस्था महत्त्वाची आहे. हे चार प्रकार परस्परांपासून सर्वस्वी अलग नसून एकाच माशात दोन पद्धती एकत्र नांदू शकतात.

सर्जन माशांच्या आतड्यातील सूक्ष्मजीवांपैकी एकाचा येथे उल्लेख करणे उचित होईल. तांबड्या समुद्रातील अॅकँथुरस नायग्रोफस्कसच्या आतड्यात १९८५ साली एक सजीव आढळल्याची नोंद झाली. त्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरहून अधिक भरत असल्यामुळे तो प्रथम एकपेशीय प्राणी असावा असे मानले गेले. १९९३ साली अँजर्ट, क्लेमेंट्स आणि पेस यांनी तो प्रत्यक्षात जिवाणू असल्याचे सिद्ध केले. एपुलोपिसियम हे त्याचे नाव. नुसत्या डोळ्यांना दिसू शकेल असा जिवाणू शैवालभक्षक माशाच्या आतड्यात नांदतो, यावरून तेथील परिस्थिती किती विशेष प्रकारची असते याची कल्पना येते. अशा माशाला दीर्घकाळ उपाशी ठेवणे किंवा केवळ मांसाहारावर पोसणे म्हणजे त्याच्याबरोबर या सूक्ष्म वसाहतीचेही अन्न बदलणे होय.

नावावरून आहार ठरत नाही

चोट, क्लेमेंट्स आणि रॉबिन्स यांनी २००२ साली प्रवाळभित्तीवरील ‘शैवालभक्षक’ म्हणविल्या जाणाऱ्या माशांच्या आहाराची तपासणी केली. त्यांतील काही जातींच्या पोटात खरोखरच मोठ्या शैवालांचे तुकडे होते. परंतु टेनोकीटस व बहुतेक पोपटमासे यांच्या पोटात गाळ व रेती यांचेच प्राबल्य होते. परंपरेने एका नावाखाली गणलेले मासे आहाराच्या दृष्टीने एका वर्गाचे नाहीत, हा त्या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष होता.

याच्या उलट बाजूचे उदाहरण ऑस्ट्रेलियातील ऑर्फियस बेटाजवळचे आहे. तेथे खडकाच्या काही भागांवर जाळीचे पिंजरे घालून मोठ्या माशांना दूर ठेवले असता सारगॅससमची दाट वाढ झाली. पिंजरे काढल्यानंतर ती कोण खातो हे कॅमेऱ्यांच्या साहाय्याने पाहण्यात आले. पोपटमासे व सर्जन मासे यांचा त्या कामातील वाटा नगण्य ठरला. सारगॅससम फस्त केले ते प्लॅटॅक्स पिनॅटस या माशाने, ज्याची गणना तोपर्यंत शैवालभक्षकांत होतच नव्हती. बेलवुड, ह्यूज आणि होई यांचा हा शोध २००६ साली प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी हाता आणि कातो या जपानी संशोधकांनी स्टेगॅस्टिस नायग्रिकन्स या लहान माशासंबंधी केलेले निरीक्षणही प्रसिद्ध झाले. हा मासा आपल्या ताब्यातील खडकावर पॉलिसायफोनिआच्या एका जातीचे जणू शेतच राखतो व त्यात उगवणारी इतर शैवाले उपटून बाहेर टाकतो. चिवट शैवाले पचविण्याचे साधन त्याच्यापाशी नसल्यामुळे पचण्याजोगे तेवढेच वाढू देणे त्याला भाग पडते. पचनशक्तीची मर्यादा वर्तन कसे ठरविते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे.

टाकीतील परिस्थिती

नव्या टाकीत शैवालांची वाढ साधारणतः एका क्रमाने होते. प्रथम डायाटमांचा तपकिरी लेप, मग हिरवा थर, नंतर केसाळ शैवाल. मासा बहुधा या तिसऱ्या अवस्थेत, शैवालाचा अतिरेक झाला असता आणला जातो. आरंभी त्याला अन्नाची ददात नसते व तो चांगला पोसतो. काही आठवड्यांत दगड स्वच्छ होतात. मालक समाधान पावतो. आणि नेमक्या त्याच क्षणी माशाच्या उपासमारीस प्रारंभ होतो. टाकीचे यश हीच माशाची आपत्ती ठरते.

हा प्रश्न साध्या क्षेत्रफळाने समजून घेता येईल. १२० सेंटिमीटर लांब, ५० सेंटिमीटर रुंद व तितकीच उंच अशा टाकीत सुमारे ३०० लिटर पाणी मावते. तिचा तळ, मागची काच व दोन्ही बाजूंच्या काचा मिळून १.७ चौरस मीटर पृष्ठ होते. दगडांचे पृष्ठ धरून हा आकडा वाढविला, तरी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चरत विस्तीर्ण भित्तीवर फिरणाऱ्या सर्जन माशाच्या दृष्टीने ही जागा म्हणजे एखादी परसबाग होय. शिवाय तेथे उगवणाऱ्यांपैकी सर्वच त्याला चालते असे नाही. ब्रायॉप्सिससारखे शैवाल पुष्कळ मासे नाकारतात, आणि केसाळ शैवाल एकदा लांब वाढले की आखूड लव खुडणारा मासा त्याकडे दुर्लक्ष करतो. म्हणजेच, हिरवीगार टाकी व उपाशी मासा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी संभवतात.

म्हणून टाकीतील शैवाल हे पूरक अन्न समजून बाहेरून अन्न पुरविणे अपरिहार्य ठरते. यासाठी जपानी नोरीचे कागदासारखे पातळ ताव प्रचारात आहेत. दिसण्यात काळपट हिरवी असली, तरी नोरी तांबड्या शैवालापासून बनते. मीठ-मसाला न लावलेला ताव चिमट्याने काचेला लावून ठेवला, की मासा त्याच्या स्वभावानुसार थोडे थोडे, पण दिवसभर खात राहतो. दिवसातून एकदाच भरपूर अन्न टाकण्यापेक्षा ही रीत त्याच्या पचनसंस्थेस अधिक मानवते. नासो प्रजातीसाठी तपकिरी शैवाल मिळाल्यास उत्तम. टेनोकीटस व ब्लेनी यांच्या बाबतीत मात्र नोरी पुरेशी नाही. एकदोन काचा व काही दगड न घासता ठेवणे, टाकी पुरेशी जुनी होऊन तिच्यात गाळाचा थर साचल्यावरच हे मासे आणणे, हा त्यांवरचा उपाय होय. कोबी, पालक यांसारख्या भाज्या मासे खातात. परंतु त्यांची घटना सागरी शैवालांहून भिन्न असल्यामुळे त्यांवर भिस्त ठेवणे योग्य नाही. कोळंबीचा कीस सर्जन मासे मोठ्या आवडीने खातात. तथापि मासा एखादी वस्तू आवडीने खातो यावरून ती त्याचे मुख्य अन्न आहे असे सिद्ध होत नाही.

अन्नाच्या वेळेचाही विचार व्हावयास हवा. शैवाल प्रकाशात कर्बोदके तयार करते, त्यामुळे सकाळपेक्षा दुपारनंतर त्याचे पोषणमूल्य वाढलेले असते. झेम्के-व्हाइट, चोट आणि क्लेमेंट्स यांनी २००२ साली तांबड्या शैवालातील फ्लोरिडोसाइडच्या संदर्भात अशी वाढ नोंदविली. टाकीतील दिवे लागताक्षणी मासा खात नाही म्हणून तो आजारी आहे असे मानण्याची घाई करू नये.

अर्थात प्रत्येक विकाराचे खापर आहारावर फोडणेही अशास्त्रीय होय. सर्जन माशांच्या डोक्यावरील व पार्श्वरेषेवरील त्वचा झिजण्याचा एक विकार आहे. जीवनसत्त्वांची उणीव हे त्याचे कारण असावे असे दीर्घकाळ मानले जात होते. हेमडाल आणि ओडम यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मात्र पाणी गाळण्यासाठी वापरलेल्या लिग्नाइटजन्य सक्रिय कोळशामुळे अटलांटिकमधील एका सर्जन माशात हा विकार उद्भवल्याचे आढळले.

पोषकद्रव्यांचा हिशेब

शैवालभक्षक मासा टाकी स्वच्छ करतो, या समजुतीत आणखी एक दोष आहे. शैवालाची वाढ पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट यांवर होते. माशाने शैवाल खाल्ले, की त्यातील थोडा भाग त्याच्या शरीरात राहतो. बाकीचा कल्ल्यांवाटे अमोनियाच्या व शरीरावाटे विष्ठेच्या रूपाने पुन्हा पाण्यात येतो. जिवाणू अमोनियाचे नायट्रेट बनवितात आणि त्यावर नवे शैवाल उगवते. मासा शैवालाची उंची कमी करतो. पोषकद्रव्ये टाकीबाहेर नेत नाही. त्याला पुरविलेल्या अन्नाने तर त्यांत भरच पडते. ती बाहेर काढावयाची तर पाणी बदलणे, फेसाच्या साहाय्याने सेंद्रिय द्रव्य अलग करणे किंवा शैवाल मुद्दाम वाढवून त्याची कापणी करणे हेच मार्ग उरतात. या शेवटच्या तत्त्वाचा पद्धतशीर उपयोग वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी १९८०च्या दशकात केला. स्वतंत्र, प्रखर प्रकाशित पृष्ठावर शैवालाची लव वाढवून व ती नियमितपणे खरवडून त्यांनी प्रवाळभित्तीच्या कृत्रिम प्रतिकृतीतील पाणी शुद्ध राखले.

समुद्रातील सजीवांनी व्यापलेले दगड टाकीत ठेवून समतोल साधण्याची कल्पना इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ साली प्रसिद्ध केली, आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. भारतात मात्र भित्ती बांधणारी प्रवाळे वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट असल्यामुळे ती समुद्रातून काढून आणणे हा गुन्हा आहे. येथील अभ्यासकाला सच्छिद्र निर्जीव दगडावर जिवाणू व शैवाल यांची वाढ सावकाश होऊ देणे, हाच मार्ग अवलंबावा लागतो. त्यास वेळ लागतो, व तेवढ्या काळात शैवालभक्षक मासा टाकीत न आणणेच हिताचे असते.

निरीक्षणाची दिशा

घरगुती टाकी ही प्रयोगशाळेची जागा घेऊ शकत नाही. परंतु पदव्युत्तर विद्यार्थ्याला उपयुक्त निरीक्षणे तेथेही करता येतात. ठरावीक वेळी, ठरावीक मिनिटे मासा काच, दगड, वाळू यांपैकी कोठे व किती वेळा तोंड मारतो याची नोंद ठेवता येईल. नळीने ताजी विष्ठा उचलून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यास शैवालाच्या पेशी अखंड आहेत की फुटलेल्या, रेतीचे प्रमाण किती, हे दिसेल. अखंड हिरव्या पेशी मोठ्या संख्येने आढळल्या, तर घास व पोषण यांतील अंतर प्रत्यक्ष डोळ्यांपुढे येईल. दर आठवड्यास माशाचे समोरून व बाजूने छायाचित्र घेऊन पोटाची आणि डोक्यामागील पाठीची रेषा ताडून पाहिली, तर उपासमार मृत्यूपूर्वी बरीच आधी ओळखता येते. पोट आत गेलेले व पाठ सुरीच्या पात्यासारखी झालेली दिसू लागली, की दंशांची संख्या कितीही मोठी असली तरी ती फोल समजावी.

पिवळ्या सर्जन माशाची पैदास बंदिस्त स्थितीत करण्यात हवाईतील ओशनिक इन्स्टिट्यूटला २०१५ साली यश आले. तोपर्यंत बाजारात येणारा या जातीचा प्रत्येक मासा समुद्रातून पकडलेला असे. टाकीतील एका माशाच्या मृत्यूचा अर्थ भित्तीवरील आणखी एक मासा कमी होणे असा होता, व अनेक जातींच्या बाबतीत तो आजही तसाच आहे. अशा स्थितीत मासा टाकीसाठी काय करील हे विचारण्यापूर्वी टाकी त्याला काय खावयास देऊ शकेल, याचा हिशेब आधी मांडला गेला पाहिजे.